लोकरीचे सहा चेंडू

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली आणि तिच्या मागोमाग, दोन-चार वर्षांत, पाद्री आले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसून रानावनातून येणारा, उन्हाची टोपी घातलेला एकटा गोरा माणूस उभा राहतो. सोलापूरच्या पाद्र्याला मात्र आगगाडीचं वेळापत्रक होतं. मुंबईहून निघायचं, खोपोलीला उतरायचं, बोरघाट पालखीत नाहीतर पायी चढायचा (घाटातला लोहमार्ग १८६३ पर्यंत पुरा व्हायचा होता), खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची आणि पुण्यावरून थेट सोलापूर. ज्या अहमदनगरात या मिशनचं मुख्य बिऱ्हाड होतं, त्या नगरला स्वतःला आगगाडी दिसायला १८७८ साल उजाडलं. तोवर नगरचे पाद्री बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत होते.

सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव नव्हतं. किल्ला होता, सिद्धेश्वराचं तळं होतं, संक्रांतीचा गड्डा भरत होता, हातमाग खटखटत होते. पण ज्या भोंग्यावर पुढे शंभर वर्षं हे शहर उठलं-बसलं, तो भोंगा अजून वाजायचा होता. जुन्या मिलची कंपनी निघाली १८७४ मध्ये, गिरणी फिरू लागली १८७७ मध्ये. म्हणजे मिशनचं कंपाउंड सोलापूरच्या पहिल्या गिरणीपेक्षा जुनं. शहराचा इतिहास सांगताना आपण चादरीपासून सुरुवात करतो, हुतात्म्यांपाशी थांबतो आणि मधे सिद्धरामेश्वरांना हात जोडतो. या कंपाउंडाला त्यात जागा मिळत नाही. त्याचं फार वाईट वाटून घ्यावं असं नाही. पण त्या आवारात एक गोष्ट अशी घडली, की जिच्यामुळे महाराष्ट्रातल्या घराघरातल्या चार वर्षांच्या पोराच्या सकाळचा आकार बदलला. ती गोष्ट प्रार्थनामंदिरात घडली नाही. वाट जरा लांबची आहे.

मिशनचं पूर्ण नाव ‘अमेरिकन मराठी मिशन’. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या देशाचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं आणि कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. त्यांना परत धाडायचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर ते राहिले. हॉल १८२६ मध्ये पटकीने गेले. १८३१ मध्ये नगरचं ठाणं झालं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं, आणि मग रेल्वेच्या रुळांवरून सोलापूर. ठाण्याची घडी बसवली चार्ल्स हार्डिंग यांनी. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ या नगरच्या हेन्री बॅलंटाइन यांच्या कन्या. बॅलंटाइन म्हणजे ज्यांनी मराठीत ढीगभर ख्रिस्ती गीतं रचली ते. १८७५ मध्ये लॉरिन गेट्स आले आणि पुढची कित्येक दशकं सोलापूरचेच होऊन राहिले. त्यांच्या पत्नी फ्रान्सिस याही याच मिशनमधल्या ॲलन हेझन यांच्या कन्या. नवरे अमेरिकेतून आलेले, बायका इथल्याच मातीत रांगलेल्या. नवऱ्यांना मराठी पंतोजीकडून शिकावी लागली. बायकांना ती आयाच्या कडेवर बसून आली असणार. अहवालांवर सह्या नवऱ्यांच्या असत, म्हणून इतिहासही त्यांच्या नावाने लागतो. सोलापुरात पुढे काय उगवलं हे पाहिलं, की आयाच्या कडेवरची मराठी जास्त कामाला आली असं मला वाटतं.

मिशन स्टेशन म्हणजे काय, तर एक बंगला, एक देऊळ (हो, जुने ख्रिस्ती लोक चर्चला सरळ देऊळच म्हणत), एक विहीर, शाळेच्या दोन-तीन खोल्या, नोकरमाणसांची चाळ आणि सभोवार कंपाउंडाची भिंत. भिंतीच्या आत कडुलिंब आणि चिंच. पण स्टेशनचा खरा पसारा भिंतीबाहेर, दहा-वीस-तीस कोसांवरच्या खेड्यांत. देशावरच्या सगळ्याच मिशनांचं वर्षाचं गणित पावसावर बसवलेलं असे. हिवाळा लागला की तंबू, कंदील आणि पुस्तकांच्या पेट्या गाडीत घालून दौरा. पावसाळ्यात काळ्या मातीने वाटा अडवल्या की गावोगावचे शिक्षक आणि उपदेशक स्टेशनवर बोलवायचे आणि त्यांचा वर्ग भरवायचा. बायबल शाळा म्हणजे मूळची ही. तिला इमारत नव्हती, घंटा नव्हती, पदवी नव्हती. चिखलामुळे अडकलेली माणसं होती आणि व्हरांडा होता.

त्या व्हरांड्यात बसणारा कोण? बहुतेक वेळा महारवाड्यातला नाहीतर मांगवाड्यातला विशी-पंचविशीतला गडी. त्याच्या गावच्या सरकारी शाळेने त्याला आत घेतलं असेलच याची खात्री नाही. घेतलं असेल तर पायरीवर. तो इथे येऊन उत्पत्तीच्या पुस्तकापासून वाचायला बसतो. सकाळी जुना करार, दुपारी नवा करार, संध्याकाळी गाणं. मधे थोडं गणित, थोडा भूगोल, कारण परत गेल्यावर त्याला पोरांची शाळा चालवायची आहे. आठवडाभर तो मास्तर, रविवारी उपदेशक. पगार एकच, तोही बेताचा. पॅलेस्टाइनचा नकाशा भिंतीवर टांगलेला. यार्देन नदी त्याला पाठ होते, भीमा त्याने पोहून पार केलेली असते. मेंढपाळ, विहिरीवरचं भांडण, दुष्काळ पडला म्हणून धान्याच्या शोधात दुसऱ्या मुलखात जाणारे भाऊ, सावकार, जकातदार, कुष्ठरोगी हे सगळं त्याला समजावून सांगावं लागत नाही. बोस्टनहून आलेल्या साहेबाला ते टिपा वाचून समजून घ्यावं लागलं होतं. माढ्याकडच्या किंवा मंगळवेढ्याकडच्या माणसाच्या ते दारातच होतं. बायबलचा मुलूख त्याला साहेबापेक्षा जवळचा. असल्या वर्गात गुरू कोण आणि शिष्य कोण, हे दर दुपारी उलटत असलं पाहिजे.

या वर्गांतून जे हुशार निघत त्यांच्यासाठी नगर होतं. तिथे १८७८ मध्ये मिशनने रीतसर थिऑलॉजिकल सेमिनरी काढली. रेल्वे आणि सेमिनरी नगरला एकाच वर्षी आल्या. सेमिनरीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते रॉबर्ट ॲलन ह्यूम मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचेच पुत्र. आता थोडं सोलापूर सोडून जातो, कारण ही हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत गेले असता तिथे एका प्रश्नावरून रान पेटलेलं होतं : ज्या माणसाच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, तो मेल्यावर नरकात जातो, की त्याला पुढे आणखी एखादी संधी मिळते? ॲन्डोव्हरच्या सेमिनरीतले प्राध्यापक संधीच्या बाजूचे. ह्यूम त्या बाजूने बोलले. झालं! मिशनच्या बोस्टनमधल्या बोर्डाने त्यांचं हिंदुस्थानात परतणं लांबणीवर टाकलं. अखेर परवानगी मिळाली. पण जवळजवळ वर्षभर एका माणसाची नोकरी मेलेल्यांच्या भवितव्यावर अडकून पडली होती.

अमेरिकेत ही पंडितांची चर्चा होती. इकडे ती घरातली होती. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार : मग माझ्या आज्याचं काय? आजा पंढरीची वारी करत होता, कुणाचं वाईट केलं नाही, पाद्री गावात येण्याआधी दहा वर्षं गेला. त्याला जाळात टाकणारा देव मी घरात आणायचा का? ज्या समाजात पितर पंधरवड्यात कावळ्याची वाट पाहतात, तिथे हा प्रश्न टाळून धर्म शिकवता येत नाही. ह्यूम मुंबईत जन्मले, नगरात राहिले, म्हणून त्यांना तो ऐकू आला. बोस्टनच्या सभागृहात बसणाऱ्यांचे आजे सगळे चर्चच्या अंगणात पुरलेले होते. त्यांना घाई नव्हती.

दुसरी गोष्ट गाण्याची. बायबल शाळेतून बाहेर पडलेल्या उपदेशकाने गावात उभं राहून व्याख्यान दिलं तर ऐकणार कोण? १८६० च्या सुमारास नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बायबलमधली आख्यानं घेऊन कीर्तन उभं केलं : पूर्वरंग, उत्तररंग, चिपळ्या, मृदंग, सगळं जागच्या जागी. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथे श्रोते हुंदके देत. पुढे नारायण वामन टिळक नगरच्या सेमिनरीत शिकवायला आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी. त्यांनी तर अभंग आणि ओवी हा आपला वडिलार्जित हक्क असल्यासारखी वापरली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि ज्यांना कुणी बायबल शाळेत घातलं नव्हतं त्या लक्ष्मीबाईंनीच या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत टिकाऊ पुस्तक लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना धर्मांतराशी काही देणंघेणं नसतं. बाईंची मराठी त्यांना ओढून नेते.

बायबल शाळा पुढे मोठ्या झाल्या. विदर्भात यवतमाळला १९३८ मध्ये मराठी बायबल प्रशिक्षण शाळा निघाली, तिचीच १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिथे आज देशभरातून विद्यार्थी येतात, शिक्षण इंग्रजीतून. ते सगळं व्यवस्थित, मान्यताप्राप्त, ग्रंथालयासह. मला त्यात सांगण्यासारखं फारसं सापडत नाही. सोलापूरचा तो व्हरांड्यातला वर्ग मात्र मोठा होण्याऐवजी वळला, आणि वळला तो बायकांकडे.

कारण दुष्काळ. १८७६-७७ चा आणि मग १८९९-१९०० चा, छप्पनच्या सालचा म्हणून ज्याची आठवण काढतात तो. सोलापूर जिल्हा दोन्हींत होरपळला. एकरुखचा तलाव बांधून झाला होता, पण तलावाने काही जिल्हा भिजत नाही. दुष्काळ ओसरल्यावर जे मागे राहतं ते म्हणजे पोरं. आईबाप नसलेली, पोट पुढे आलेली, कुणाचीच नसलेली पोरं. पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ पासून अनाथ बालकाश्रम चालवला होता. तोही याच जिल्ह्यातला, आणि मिशनवर अवलंबून न राहण्याचा तो एक मानी मार्ग होता. सोलापुरातल्या पोरांचा मोठा भार मिशनच्या अंगावर पडला. त्यांना काय शिकवणार? उत्पत्ती, निर्गम, लेवीय? तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा आज्ञा सांगायच्या, तर आधी ते रडायचं थांबलं पाहिजे.

या ठिकाणी मेरी हार्डिंग येतात. हार्डिंग कुटुंबातल्याच. त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सोलापुरात किंडरगार्टन सुरू केलं, आणि त्याला जोडून किंडरगार्टनच्या शिक्षिका तयार करणारी शाळा. मुंबई इलाख्यात अशी सोय तेव्हा क्वचितच होती. पुणे, मुंबई सोडून हे घडलं सोलापुरात, गिरण्यांच्या धुराखाली.

किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल हा जर्मन, तोही एका पाद्र्याचा मुलगा. मुलांना शिकवण्यासाठी त्याने ज्या वस्तू ठरवून दिल्या त्यांना तो देणग्या म्हणे. पहिली देणगी : लोकरीचे सहा चेंडू. तांबडा, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा. प्रत्येकाला एक दोरी. बाई दोरी बोटात धरून चेंडू झुलवते : इकडे, तिकडे, वर, खाली, गोल, लपला, आला. एवढंच. मूल पाहतं, हात पुढे करतं, चेंडू मुठीत येतो, सोडला की जातो, जातो तरी परत येतो. दुसरी देणगी लाकडाचा गोळा, घन आणि नळकांडं. तिसरी म्हणजे आठ तुकड्यांत उघडणारा आणि पुन्हा जुळणारा ठोकळा. दुष्काळात ज्याचं सगळं एकदा गेलेलं आहे अशा मुलाच्या हातात, गेलं तरी परत येणारा चेंडू द्यायचा, यात जे शहाणपण आहे त्याला शिक्षणशास्त्राचं नाव कमी पडतं. आणि रंगीत धाग्याचा चेंडू करायला सोलापुरात अडचण ती काय? लोकर नाही तर सूत. रंगाऱ्यांच्या गल्लीत सूत वाळत असे तारांवर.

गंमत पुढे आहे. याच किंडरगार्टनवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली होती. आरोप काय, तर ही नास्तिकपणाची शिकवण आहे, मुलांना देवापासून तोडते. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला. बंदी उठली १८६० मध्ये. जिला नास्तिक म्हणून एका ख्रिस्ती राजाने कुलूप लावलं, तीच शाळा धर्मप्रसारासाठी आलेल्या बाईने सोलापुरात उघडली, आणि तिच्या शिक्षिका घडवणारी शाळा हीच त्या ठाण्याची खरी बायबल शाळा झाली. तिथे बायबल होतंच. सकाळची प्रार्थना, बेथलेहेमची गोष्ट, नाताळचा देखावा, सगळं होतं. पण शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात जे कसब होतं ते चेंडू झुलवण्याचं. त्या कसबाला जात आणि धर्म चिकटवता येत नाही. ती मुलगी कुठल्याही गावात, कुठल्याही संस्थेत जाऊन बसू शकत होती.

शेजारीच मुलींची वोरोनोको शाळा होती. वोरोनोको हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका ठिकाणाचं नाव. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या बोलीतलं. सोलापूरकरांनी ते इतक्या सहज तोंडात घोळवलं, की ते ‘अमक्या पेठेत’, ‘तमक्या चौकात’ यांच्या ओळीत जाऊन बसलं. मुली तिथे शिकायच्या, पुढे हार्डिंगबाईंच्या वर्गात जायच्या आणि बाई होऊन बाहेर पडायच्या. या परंपरेची मुळं पाहायला आणखी मागे जाता येतं : याच मिशनच्या सिंथिया फॅरार, १८२७ मध्ये मुंबईला एकट्या आलेल्या, पुढे नगरात मुलींच्या शाळा चालवणाऱ्या. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. फॅरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या नगरच्या शाळेतून सोलापूरच्या किंडरगार्टनपर्यंत ही शिक्षिकांची एकच साखळी आहे.

आता माझी तक्रार. मराठीत बालशिक्षणाचा इतिहास कुणीही सांगायला बसला की तो ताराबाई मोडकांपासून सुरू होतो. गिजुभाईंचं भावनगर, १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, मग कोसबाड, अनुताई वाघ, कुरणशाळा. ते सगळं सोन्यासारखं आहे. ताराबाईंनी बालवाडी झाडाखाली नेली, आदिवासींच्या अंगणात नेली, आणि माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया वापरल्या. त्यांचं श्रेय कणभर कमी होत नाही. पण त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं सोलापुरात मराठी बोलणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या, बहुधा अस्पृश्य घरांतून आलेल्या बायका लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र शिकत होत्या. त्यांना वगळतो ते का? त्या ख्रिस्ती होत्या म्हणून पुरोगाम्यांना नकोत, खालच्या जातीच्या म्हणून सनातन्यांना नकोत, आणि मिशनच्या इतिहासकारांना त्यांच्यात रस नाही, कारण त्यांनी किती बाप्तिस्मे घडवले याची मोजदाद होत नव्हती.

मिशनची सगळीच बाजू अशी उजळ नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. ‘सेटलमेंट’ हे तिचं नाव शहराने अजून जपलेलं आहे. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला पहारा हवा होता, दोघांचं जमलं. यात मिशनही होतं. बार्शीची वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. तिथे शाळा होती, दवाखाना होता, सरकारी फौजदारापेक्षा पाद्र्याची वागणूक बरी असेलही. पण हजेरी होती. माणसाने रोज ठरल्या वेळी उभं राहून आपण पळालो नाही असं सांगायचं. बायबलच्या वर्गातही नावं पुकारली जात आणि माणूस ‘हजर’ म्हणे. इथेही पुकारली जात. दोन्हीकडे पुकारणारा एकाच संस्थेचा. ख्रिस्ताचं सेवाकार्य म्हणून कुंपणाची किल्ली कमरेला लावणं हे मला कितीही समजुतीने पाहिलं तरी पटत नाही. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

आणि ज्यांना मिशनने शिकवलं, त्यांनी त्या शिक्षणाचं काय केलं? हा प्रश्न माझा नाही. तो विचारला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, सोलापुरातच, ख्रिस्ती समाजाच्या सभेत, १ जानेवारी १९३८ रोजी. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा होऊन दोन वर्षं झाली होती. बाबासाहेब कोणता धर्म घेणार याकडे पाद्र्यांपासून मौलवींपर्यंत सगळे डोळे लावून होते. सोलापूरच्या मंडळींना आशा नसती तरच नवल. बाबासाहेबांनी सुरुवातीला ऐकणाऱ्यांना सुखावलंही : जगातल्या धर्मपुरुषांपैकी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनीच आपल्याला भुरळ घातली, असं ते म्हणाले. मग हिशेब काढला. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते. ख्रिस्ती समाज शिकला खरा, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून कधी लढला नाही. राजकारणात तो मागे आहे. सभेचा वृत्तांत पुढे ‘जनता’त आला. त्यांनी १९५६ मध्ये काय निवडलं ते सर्वांना माहीत आहे.

हा आरोप मला बरेच दिवस डाचत होता. मागच्या हिवाळ्यात सोलापुरात एका निवृत्त बाईंकडे जाणं झालं. आयुष्य बालवाडीत गेलेलं, नंतर बालवाडीच्या शिक्षिका घडवण्यात. ऐंशीच्या घरात आहेत. बायबल कापडी पिशवीत, पिशवी खुंटीला. गुडघे दुखतात म्हणून उपासनेला रिक्षाने जातात आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करतात. मी चेंडूंचं विचारलं. ‘‘होते की. आमच्या वेळेपर्यंत होते. विणून घ्यायचो आम्हीच. पोरं चोखायची, रंग जायचा. मग पुन्हा विणा.’’ फ्रोबेलच्या तत्त्वज्ञानात चोखण्याचा उल्लेख नसावा.

मी त्यांना १९३८ च्या सभेतला तो आरोप सांगितला. जरा भीतभीतच, म्हटलं, बाईंना लागेल. त्या शेंगाचटणीची बरणी उघडत होत्या, झाकण फिरत नव्हतं.

‘‘बरोबरच बोलले की ओ साहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही कुठं भांडलो? देवाची सेवा म्हणायचं आणि मिळेल तो पगार घ्यायचा. माझ्या पेन्शनीचंसुद्धा मी भांडले नाही.’’ झाकण निघालं. ‘‘पण माझ्या हाताखालच्या पोरी आहेत ना, अंगणवाड्यांवरच्या, त्या भांडतात. त्यातली ख्रिस्ती कोण, कोष्ट्याची कोण, मुसलमानाची कोण, मला नाही माहीत. संप केला त्यांनी महिनाभर. पूनम गेटवर बसल्या होत्या झेडपीसमोर, मानधन वाढवा म्हणून. मी गेले रिक्षाने. मला म्हणतात, बाई, तुम्ही कशाला आलात, बसा. पुढं बसवलं मला, हातात झेंडा दिला.’’

‘‘कसला झेंडा?’’

‘‘लालच असणार. युनियनचा. मी काय वाचत बसले नाही,’’ बाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कडक होती, सोलापुरी.